रद्द करता येणारी किल्ली

(कोल्हापुरातील राजारामपुरीत तरुण प्रोग्रामरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रात आजचा विषय ‘एपीआय चाचणीची पूर्वतयारी’ असा छापला आहे, आणि कोणती साधने कशी वापरायची हे मी सांगणारच आहे. एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्या सेवेकडून काम करून घेण्याची ठरलेली वाट. परंतु त्याआधी किल्लीविषयी, म्हणजे त्या सेवेला आपली ओळख पटवणाऱ्या ज्या गुप्त अक्षरमालेला आपण एपीआय की म्हणतो तिच्याविषयी, बोलणे मला भाग आहे. किल्ली हाती आली की आपण ‘काम सुरू झाले’ असे म्हणतो. मात्र हीच किल्ली उद्या दुपारी बारा वाजता रद्द केली तर काय काय बंद पडेल, हे कोणी विचारत नाही. ज्या किल्लीबाबत याचे उत्तर देता येत नाही, ती हाती असूनही आपल्या ताब्यात नसते, असे माझे ठाम मत आहे.

हे मत एका गळीत हंगामात बनले. आपल्या जिल्ह्यातील एका साखर कारखान्यासाठी मी आणि दोन सहकारी एक छोटी प्रणाली लिहीत होतो. भरलेली ट्रॉली काट्यावर आली, वजन झाले, गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर आली, की निव्वळ वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर जावा, एवढेच तिचे काम होते. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना या संदेशाचे मोल सांगायला नको. तोडीसाठी महिनोन्महिने वाट पाहिलेला माणूस रात्री दोन वाजले तरी तो संदेश येईपर्यंत झोपत नाही. संदेश पाठवणाऱ्या कंपनीकडून आम्हाला एकच किल्ली मिळाली होती आणि चाचणीसाठी दुसरी मागावी असे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. ती किल्ली आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकली, गटातून ती तिघांच्या लॅपटॉपवर गेली आणि तिथून थेट कोडमध्ये.

डिसेंबरातल्या एका रात्री सहकाऱ्याने एक दुरुस्ती तपासण्यासाठी चाचणी चालवली. त्याच्या लॅपटॉपवरील डेटाबेसमध्ये सभासदांच्या खऱ्या यादीची प्रत होती आणि किल्लीही खरीच होती. शेकडो शेतकऱ्यांना ‘आपल्या उसाचे निव्वळ वजन ०.००० टन’ असा संदेश गेला. सकाळी काट्यापाशी माणसे जमली. एका आजोबांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “पोरा, दोन ट्रॉल्या घातल्यात न्हवं मी? मग ऊस गेला कुठं?” तो आवाज मला आजही आठवतो.

संदेश चुकीचा होता हे सांगून माणसे समजली. खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. ही किल्ली कोणाकोणाकडे आहे याची खात्री नसल्यामुळे ती तातडीने रद्द करणे आवश्यक होते. शोध घेतला तेव्हा कळले की काट्यावरचा संगणक, ऊसबिलाची सूचना देणारा प्रोग्राम आणि तोडणीचा क्रम कळवणारा प्रोग्राम हे सर्व त्याच एका किल्लीवर चालत आहेत. रद्द करावी तर ऐन हंगामात सगळेच थांबणार, आणि ठेवावी तर धोका कायम राहणार. तीन दिवस आम्ही कोड धुंडाळत होतो आणि ते तीन दिवस ती किल्ली चालूच होती.

इथेच गिटचा, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाचा, एक गैरसमज दूर करतो. फाइलमधून किल्लीची ओळ पुसून नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, केला की ती गेली, असे अनेकांना वाटते. गिट हे इतिहास जपण्यासाठीच बनलेले साधन आहे. जुन्या कमिटमध्ये ती ओळ तशीच राहते. म्हणून आधी किल्ली रद्द करायची आणि इतिहासाची सफाई नंतर. मघाशी एका विद्यार्थिनीने विचारले की रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाचा साठा, खाजगी असेल तर चालेल का. चालणार नाही, कारण खाजगी रिपॉझिटरीचीही पूर्ण प्रत प्रत्येक सहकाऱ्याच्या यंत्रावर असते, आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या यंत्रावरही ती राहिलेली असू शकते. दुसरा गैरसमज बेस-६४ या अक्षररूपाचा. बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये, म्हणजे ओळख पटवण्याच्या साध्या पद्धतीत, नाव आणि पासवर्ड त्या रूपात जातात आणि ती अगम्य अक्षरे पाहून माहिती सुरक्षित आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते केवळ लिहिण्याचे वळण आहे, कोणीही क्षणात उलगडू शकेल असे.

शिरोलीच्या फौंड्रीत ज्यांचे वडील किंवा काका काम करतात, त्यांना ठाऊक असेल की भट्टीतल्या रसाचा नमुना स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून मगच तो साच्यात ओततात. सँडबॉक्स, म्हणजे खऱ्या व्यवहारांपासून वेगळी ठेवलेली चाचणीची व्यवस्था, ही आपली नमुना तपासण्याची जागा आहे. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या रेझरपेची चाचणीची किल्ली ‘आरझेडपी टेस्ट’ने आणि खरी किल्ली ‘आरझेडपी लाइव्ह’ने सुरू होते, त्यामुळे प्रोग्राम सुरू होतानाच हा उपसर्ग तपासून चुकीची किल्ली असल्यास तिथेच थांबण्याची ओळ लिहिता येते. आमच्या त्या प्रणालीत अशी एक ओळ असती तर!

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. प्रत्येक प्रोग्रामसाठी आणि प्रत्येक माणसासाठी वेगळी किल्ली काढा, तिला कामापुरतेच अधिकार द्या आणि मुदत ठरवता येत असेल तर ती कमी ठेवा. गुप्त भाग बहुधा एकदाच दाखवला जातो, म्हणून तो त्याच वेळी पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. कोडने किल्ली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर यंत्रावर ठेवलेल्या मूल्यातून, वाचावी, आणि ही मूल्ये ठेवणाऱ्या डॉट-ईएनव्ही फाइलचे नाव पहिल्या कमिटच्या आधी गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, असावे. एपीआयला पहिली विनंती कर्लने, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून विनंती पाठवणाऱ्या साधनाने, करा. १९९८ पासूनचे हे साधन आजही सर्वांत सरळ आहे, फक्त किल्ली थेट आज्ञेत टाइप करू नका, ती टर्मिनलच्या इतिहासात राहते. नंतर पोस्टमन घ्या, त्यात विनंत्या खिडकीतून तयार करून पाठवता येतात. २०१२ मध्ये ब्राउझरचे एक्स्टेंशन म्हणून सुरू झालेल्या या साधनात चाचणी आणि लाइव्ह अशी दोन एन्व्हायर्नमेंट, म्हणजे किल्ली वगैरे मूल्यांचे वेगळे संच, करा, आणि किल्लीचे मूल्य केवळ आपल्या यंत्रावर राहील याची काळजी घ्या.

सेवेच्या उत्तरात एक आकडी संकेत येतो. ४०१ आला तर तुमची ओळख पटलेली नाही, ४०३ आला तर ओळख पटली पण परवानगी नाही, आणि ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या. टोकन, म्हणजे किल्लीसारखेच ओळख पटवणारे मूल्य, अल्पमुदतीचे असेल आणि कारण नसताना ४०१ येत असेल, तर आधी संगणकाचे घड्याळ तपासा. हे सर्व जमले की चाचणीची किल्ली मुद्दाम रद्द करा, ४०१ येतो हे डोळ्यांनी पाहा, नवी किल्ली बसवा आणि किती मिनिटे लागली ते वहीत लिहा. ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी पुढच्या रांगेत यावे. ही रंगीत तालीम आपण आत्ता इथेच करू.