फॉरमॅट मारायच्या आधी कव्हर उघडा

हे बघा, साइड पॅनल आत्ताच काढलंय. प्रोसेसरच्या पंख्याखाली जो करडा थर दिसतोय ना ती सगळी धूळ आहे, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये इतकी घट्ट बसलीय की हवा जायला जागाच उरली नाहीये. हा पीसी सुरू केल्यावर थोडा वेळ बरा चालतो आणि मग एकेक विंडो उघडायला रडवतो. अशा पीसीला पहिला सल्ला ठरलेला, विंडोज उडवा, फॉरमॅट मारा. विंडोज दहा वेळा टाकलं असतं तरी काही फरक पडला नसता, कारण बिघाड तिथे नाहीच.

प्रोसेसर स्वतःचं तापमान सतत मोजत असतो. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तिथे पोचला की जळू नये म्हणून तो आपणहूनच वेग कमी करतो आणि तरीही गरम होत राहिला तर मशीन सरळ बंद पडतं. आपल्याला वाटतं व्हायरस आलाय.

आता हीटसिंक उचललाय, जवळून बघा. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा मधला लेप, वाळून खडूसारखी झालीय, नखाने खरवडली तरी भुगा पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसायच्या, मधोमध नवीन पेस्टचा छोटा थेंब, बस. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो हवेने भलत्याच वेगाने फिरला तर बेअरिंग जातं.

दुसरा पीसी. पंखे फिरतायत, लाइट लागतेय, स्क्रीन मात्र काळी आणि हा बीप बीप आवाज. बीपचा अर्थ मदरबोर्डाप्रमाणे बदलतो, म्हणून मॅन्युअल बघायचंच, पण डिस्प्ले नसेल तर मी आधी रॅमच बघतो. प्लग काढायचा, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाते, रॅम काढून सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने पुसायच्या आणि कट् आवाज येईपर्यंत परत दाबायची. आला डिस्प्ले!

आणि ही बटणाएवढी बॅटरी, सीआर2032, 3 व्होल्टची. पीसी बंद असताना घड्याळ हिच्यावर चालतं. ही संपली की तारीख कितीतरी वर्षं मागे जाते, मग ब्राउझर प्रत्येक वेबसाइटला असुरक्षित म्हणतो कारण वेबसाइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे ती खरी असल्याच्या डिजिटल दाखल्याला, मुदत असते आणि ती त्या जुन्या तारखेला सुरूच झालेली नसते. लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात, राउटर बदलतात, आणि कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कुणी बघतच नाही याचं खरंच वाईट वाटतं.

शेवटी हा आवाज ऐका, टक्... टक्... टक्. हार्ड डिस्कचं हेड डेटा वाचायला धडपडतंय. इथे चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल, चालवू नका, रीस्टार्ट करत बसू नका, फॉरमॅट तर अजिबात नको. बॅकअप नसेल तर फोटो, कागदपत्रं, हिशोब सगळं जाऊ शकतं. लगेच पॉवर काढा आणि डिस्क आहे तशी डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.