रिकाम्या रकान्यातलं पन्नास

तज्ज्ञांची समिती बसली आहे. समोर तीन पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्याय खर्च, सुरक्षितता, टिकाऊपणा, पर्यावरण अशा निकषांवर तपासायचा आहे. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात शंभरपैकी एक आकडा हवा. एका तज्ज्ञानं तीन रकाने भराभर भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं, कारण त्या बाबतीत ठामपणे सांगण्याइतका पुरावाच हाती नाही. रकाना रिकामा दिसू नये म्हणून तिथे पन्नास लिहिलं गेलं.

या पन्नासानं घात होतो. भरपूर पुरावा तपासून दोन्ही बाजू तुल्यबळ वाटल्या, तरी पन्नास. काहीच माहीत नाही, तरीही पन्नास. एकदा सरासरी काढली की हा फरक शोधूनही सापडत नाही.

आर्थर डेम्प्स्टर यांनी १९६७ मध्ये मांडलेलं आणि ग्लेन शेफर यांनी १९७६ मध्ये विस्तारलेलं गणित हा फरक जपतं. तज्ज्ञ म्हणू शकतो: साठ टक्के विश्वास पहिल्या पर्यायावर, दहा टक्के दुसऱ्यावर, आणि उरलेले तीस टक्के सध्या कुणाच्याच पदरात टाकत नाही. ते तीस टक्के 'माहीत नाही' या खात्यात जसेच्या तसे राहतात, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जोडताना हिशेबातही धरले जातात.

मात्र मतं जोडण्याच्या नियमातही एक खाच आहे. ती लोत्फी झादे यांनी १९७९ मध्ये दाखवली. एकच रुग्ण, दोन डॉक्टर. पहिला म्हणतो, मेंदूज्वर ९९ टक्के, मेंदूतली गाठ १ टक्का. दुसरा म्हणतो, डोक्याला मार ९९ टक्के, गाठ १ टक्का. डेम्प्स्टर यांच्या नियमानं दोन्ही मतं जोडली तर उत्तर येतं: गाठ, १०० टक्के! दोघांनाही जी शक्यता जवळपास अशक्य वाटत होती, तीच. कारण हा नियम परस्परविरोधी भाग काढून टाकतो आणि जे उरतं त्यालाच पूर्ण धरतो. इथे तब्बल ९९.९९ टक्के भाग विरोधाचा होता. एवढा मतभेद केराच्या टोपलीत टाकून काढलेल्या निष्कर्षाला एकमत म्हणणं धोकादायक आहे.

आता थोडी सबुरी दाखवू. प्रत्येक डॉक्टरवर ९० टक्केच भरवसा ठेवू आणि उरलेले १० टक्के 'माहीत नाही'मध्ये टाकू. तोच नियम, तेच डॉक्टर. आता मेंदूज्वर सुमारे ४७ टक्के, डोक्याला मार तितकाच, गाठ १ टक्का, आणि ५ टक्के अनिश्चित. हे उत्तर खरं बोलतं: दोन डॉक्टरांचं पटत नाही, आणखी तपासण्या करा.

पण ९० टक्केच का? हा आकडा पद किंवा वय पाहून ठरवू नये. रॉजर कूक यांची पद्धत तज्ज्ञांनाच परीक्षेला बसवते. खरी उत्तरं ठाऊक असलेले किंवा लवकरच कळणारे काही प्रश्न त्यांना आधी विचारतात, आणि उत्तराऐवजी पल्ला मागतात: खरा आकडा कुठून कुठपर्यंत असेल? ज्याच्या पल्ल्यात सत्य हवं तितक्या वेळा सापडतं आणि तरी पल्ला उगाच ऐसपैस नसतो, त्याच्या मताला वजन जास्त.

निकषांची वजनं ठरवताना तर साधी सरासरीसुद्धा दगा देते. एक तज्ज्ञ म्हणतो, सुरक्षितता खर्चाच्या तिप्पट महत्त्वाची. दुसरा म्हणतो, एक तृतीयांश. सरासरी काढा: सुरक्षितता खर्चाच्या १.६७ पट. हाच प्रश्न उलटा विचारा: खर्च सुरक्षिततेच्या १.६७ पट! दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? म्हणून थॉमस साटी यांच्या जोडीजोडीनं तुलना करण्याच्या पद्धतीत गटाची मतं एकत्र करताना गुणोत्तर मध्य वापरतात. तीन गुणिले एक तृतीयांश, त्याचं वर्गमूळ एक. दोन्ही निकष समान, प्रश्न कसाही विचारा.

तरीही त्या 'एक'मागे दोन टोकांची माणसं उभी आहेत. त्यामुळे अंतिम क्रमवारीच्या शेजारी, प्रत्येक निकषासमोर, मतं किती फाकली होती आणि 'माहीत नाही' किती होतं, हे दोन आकडे छापलेच पाहिजेत. जिथे ते मोठे असतील, त्या निकषावर तज्ज्ञांना पुन्हा समोरासमोर बसवावं आणि आधी कारणं विचारावीत, आकडे नंतर.