सही बघू नका, आधी पाकीट बघा

नमस्कार मंडळी. उलव्याचं विमानतळ झाल्यापासून आपल्या ठाणे-नवी मुंबईत जो तो विमानांबद्दलच बोलतोय, तर आज जरा जुन्या विमानांच्या कागदांबद्दल बोलूया, म्हणजे वैमानिकांच्या सहीची टपाल पाकिटं, तिकिटं, वेळापत्रकं, जी मी वेड्यासारखी जमवतो.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन छोट्याशा पस मॉथ विमानातून निघाले, वाटेत अहमदाबादला थांबून जुहूला उतरले आणि तिथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचं टपाल नेलं त्यांचा सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंटने, आणि याच टपालसेवेची पुढे एअर इंडिया झाली. त्या फेरीतलं पाकीट, त्यावर सही, असं काही विकायला आलं की माझा तर श्वासच अडकतो! पण खरं सांगू, नुसत्या सहीला भुलायचं नाही. पाकिटावर कुठला शिक्का आहे, तारीख कुठली, ते कुठून कुठे गेलं, हे सहीशी जुळलं पाहिजे.

भिंग घ्या आणि शाई नीट बघा. फाउंटन पेनची शाई कागदात मुरते, कडेला थोडी पसरते. बॉलपेन दाबून चालतं, त्याची रेघ मागच्या बाजूला बोटाला लागते. आता बॉलपेन बाजारात आलं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, मग १९३२ च्या पाकिटावर बॉलपेनची सही असेल तर ती खोटीच असं नाही हां, नंतर कुणीतरी भेटून घेतलेली असू शकते, पण मग विकणाऱ्याने ते तसं सांगायला हवं आणि किंमतही तशीच लावायला हवी. जेआरडींनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, तीच फेरी पुन्हा केली, त्यामुळे तारखेचा शिक्का वाचल्याशिवाय पैसे काढूच नका. आणि सही छापील तर नाही ना तेही बघा, छापलेल्या सहीत भिंगाखाली बरेचदा बारीक ठिपके दिसतात.

आणि एक कळकळीने सांगतो, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर अजिबात नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पाकीट कुणाकडून, कधी घेतलं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, पाकिटावर नको.