दोन सुलट, दोन उलट

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते माणसाकडे नुसतं बघून आपण मनातल्या मनात जे ठरवून टाकतो, त्याबद्दल. मुलगा हळुवार बोलतो, विणकाम करतो, नाचतो. झालं, हा ‘तसला’ असणार. बाई केस बारीक ठेवते, मोटारसायकल स्वतः दुरुस्त करते, लग्नाचा विषय काढत नाही, तिच्याबद्दलही तेच. ‘समलिंगी’ हा सरळ शब्द तोंडातून बाहेर येत नाही, पण निकाल लागून गेलेला असतो.

असा निकाल मीही लावला आहे. आणि तोही चांगल्या मनाने. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

तेव्हा मी रात्रपाळीची नोकरी करत होते. मोठी खोली, यंत्रांची सतत घरघर, आणि समोरच्या टेबलावर माझा एक सहकारी. तिशीतला, रुंद खांद्यांचा, मोजकं बोलणारा. एके दिवशी तो पिशवीतून हिरव्या लोकरीचा गुंडा आणि दोन सुया घेऊन आला. काम नसलं की विणायचा. दोन सुलट, दोन उलट, असं ओठांतल्या ओठांत मोजायचा. यंत्रं थांबली की सुयांची टिकटिक स्पष्ट ऐकू यायची. टाका सुटला तर चिडायचा नाही. विणलेलं दिव्याखाली धरायचा आणि खालच्या ओळीत घसरलेला तो एवढासा फास सुईच्या टोकाने एकेक पायरी वर चढवत आणायचा. इतक्या मोठ्या हातांनी इतकं बारीक काम मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि मी काय केलं? मी त्या हातांवरून त्याचं मन वाचलं. माझं वाचन बरं होतं, विचार मोकळे होते. मला वाटलं, बिचारा एकटा असेल, याला कुणीतरी आधार द्यायला हवा. एका पहाटे मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, “हे बघ, तुला मनातलं काही सांगायचं असेल तर माझ्याशी मोकळेपणाने बोल. माझ्या मनात तसं काही नाही. मी तुझ्या बाजूने आहे.”

त्याचे हात थांबले. “कशाबद्दल?”

मी काही बोलले नाही. फक्त सुयांकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

“सिगारेट सोडलीय गं,” तो म्हणाला. “बावीस दिवस झाले. हाताला काहीतरी चाळा लागतो.”

त्याने ती ओळ पूर्ण केली नाही. लोकर गुंडाळली, सुया पिशवीत टाकल्या. दुसऱ्या रात्री पिशवी आलीच नाही. चार-पाच रात्रींनंतर मी खिडकीशी उभी होते. खाली अंधारात, पायऱ्यांवर, सिगारेटचं लाल टोक दिसलं. तोच होता.

तो समलिंगी आहे की नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मी तो सोडवणार नाही. ते सांगायचं की नाही, कधी आणि कुणाला, हे त्याचं तो ठरवेल. नसेल, तर मी त्याला कळवलं की तुझ्या हातांवर लोकांची नजर आहे. असेल, तर त्याने तोंड उघडण्याआधीच मी त्याला सांगितलं की तुझं सगळं बाहेरून दिसतंय. दोन्हीकडून दुखावलं मीच.

जाता जाता एक सांगते. हाताचं काम प्रत्येक मुलाला आणि मुलीला शिकवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बटण लावणं, फ्यूज बदलणं, विणणं, करवत चालवणं, सगळं. हात गुंतले की डोक्यातला गोंगाट कमी होतो. हे बायकांचं आणि ते पुरुषांचं अशी वाटणी ज्यांनी केली, त्यांनी निम्म्या माणसांचा निम्मा विसावा काढून घेतला. आणि या वाटण्या टिकतात तरी कुठे? उंच टाचांचे बूट आज बायकांचे समजतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल रंगाच्या उंच टाचा मिरवायचा.

असो. मुद्दा पुन्हा सांगते, कारण रेडिओवर मागे जाऊन वाचता येत नाही. माणूस कसा वागतो-बोलतो ही एक गोष्ट. तो स्वतःला पुरुष मानतो, स्त्री मानतो की आणखी काही, ही दुसरी. आणि त्याचा जीव कुणावर जडतो, ही तिसरी. तिन्ही वेगळ्या. एकीवरून दुसरी ओळखता येत नाही.

तज्ज्ञांनाही येत नाही. एव्हलिन हूकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या घेतल्या. त्यात शाईच्या डागांची चाचणीही होती. नावं झाकून उत्तरं नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवली आणि विचारलं, यातला समलिंगी कोण? त्यांना ओळखता आलं नाही. हे संशोधन १९५७ साली छापून आलं. समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायला जागतिक आरोग्य संघटनेला मात्र १७ मे १९९० उजाडावा लागला.

कुणी म्हणेल, अंदाज कधीकधी खरा ठरतो की. ठरतो. पण हिशेब करून बघा. समजा १०० पुरुषांत ५ समलिंगी आहेत आणि त्यातल्या ३ जणांना विणकामासारख्या गोष्टी आवडतात. उरलेल्या ९५ पैकी समजा २० जणांनाही आवडतात. म्हणजे विणणारे झाले २३, आणि त्यात समलिंगी तीनच. तेविसांत तीन. शिवाय समलिंगी असलेले बाकीचे दोघे तुमच्या नजरेतून सुटले, ते वेगळंच.

हे भाषण लिहिण्याआधी मी त्याला फोन केला. मध्ये बरीच वर्षं गेली आहेत. सिगारेट त्याने नंतर पुन्हा सोडली, विणकाम पुन्हा धरलं. मी म्हटलं, त्या रात्रीबद्दल मला माफ कर, आणि ती गोष्ट लोकांना सांगू का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वाचून दाखव.” मी वाचलं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. मी एकोणीस दिवस लिहिले होते.

“बावीस,” तो म्हणाला. “बावीस झाले होते.”