फळ्यांखालून ऐकू आलेली भाषा

मंडळी, युद्धपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे आणि खंदक येतात. क्वेंटिन टॅरंटिनोचा २००९ सालचा 'इनग्लोरियस बास्टर्ड्स' बघायला बसलात तर यातलं फारसं काही हाती लागणार नाही. अडीच तासांच्या या चित्रपटात माणसं बहुतेक वेळ टेबलापाशी बसून बोलत असतात, आणि आपण मात्र जीव मुठीत धरून बसलेलो असतो. हे कसं घडतं ते सांगायचं म्हणजे मला पहिल्याच प्रसंगापाशी बराच वेळ थांबावं लागेल.

साल १९४१. जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स. लापादीत नावाचा गाईगुरं पाळणारा शेतकरी, त्याच्या तीन मुली, आणि दारात आलेला एसएसचा, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाचा, कर्नल हान्स लांडा. लापादीत वाइन पुढे करतो. लांडा म्हणतो, वाइन नको, दूध द्या. भरलेला पेला तो एका दमात रिकामा करतो, मुलींचं कौतुक करतो, गाईंचंही करतो. मग कागद काढतो, शाईची बाटली काढतो, पेन भरतो. घाई कशाचीच नाही. एखादा तलाठी जमिनीची नोंद करायला बसावा तसा तो शेजारच्या, बेपत्ता झालेल्या ड्रेफस या ज्यू कुटुंबातल्या माणसांची नावं आणि वयं विचारून लिहून घेतो. आणि मध्येच कॅमेरा हळूहळू खाली, जमिनीच्या फळ्यांखाली उतरतो. तेच कुटुंब तिथे तोंडावर हात दाबून पडलेलं असतं.

याआधी लांडाने एक साधी विनंती केलेली असते. माझं फ्रेंच आता संपलं, आपण इंग्रजीत बोलूया का? पहिल्यांदा बघताना मला वाटलं, अमेरिकी प्रेक्षकाची सोय बघितली. असं आपण शेकडो चित्रपटांत बघितलेलं असतं. थोड्या वेळाने कळतं की फळ्यांखालच्या माणसांना इंग्रजी येत नाही. त्यांच्या डोक्यावर त्यांच्याच मरणाचा सौदा चाललाय, शब्द न् शब्द कानावर पडतोय, पण कळत काहीच नाही. लापादीतच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आणि तो बोटाने जागा दाखवतो. लांडा पुन्हा फ्रेंचवर येतो, दुधाबद्दल आभार मानतो, निरोप घेतो, आणि त्याच क्षणी सैनिक आत येऊन फळ्यांवर गोळ्या झाडतात. कुटुंबातली तरुण मुलगी शोशाना तेवढी एकटी शेतातून पळत सुटते.

क्रिस्टोफ वॉल्ट्झला या भूमिकेसाठी कान महोत्सवात आणि ऑस्करमध्येही पारितोषिक मिळालं. चार भाषा बोलतो म्हणून ते मिळालं असं मला वाटत नाही. प्रत्येक भाषेत त्याचं सौजन्य तसूभरही कमी होत नाही, त्यानेच अंगावर काटा येतो. पुढे पॅरिसमध्ये नाव बदलून चित्रपटगृह चालवणाऱ्या शोशानाला तो श्ट्रुडेल (सफरचंदाचा गोड पदार्थ) खाऊ घालतो आणि तिच्यासाठी पेलाभर दूध मागवतो. त्याने तिला ओळखलंय का? टॅरंटिनो उत्तर देत नाही. लांडा उठून गेल्यावर तिचा इतका वेळ कोंडलेला श्वास बाहेर पडतो, तेवढंच दाखवतो.

तळघरातल्या दारूच्या गुत्त्यात तर भाषेची जागा बोटं घेतात. जर्मन अधिकाऱ्याच्या वेशातला ब्रिटिश हिकॉक्स अस्खलित जर्मन बोलतो. मग तीन पेले मागवताना तर्जनी, मध्यमा आणि अनामिका वर करतो. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. समोरच्या मेजरचा चेहरा तिथेच बदलतो. माझी आजी पेरांवर मोजायची, अंगठा पेरावरून पेरावर सरकायचा. शाळेत आम्हाला पाढे वेगळ्या पद्धतीने शिकवले, तरी घाईत माझाही अंगठा पेरांवरच जातो. उच्चार घोटून घेता येतात हो, पण हाताची ही सवय कुठून घोटणार?

म्हणून कळकळीने सांगतो, हा चित्रपट डब केलेला बघू नका. सगळे एकाच भाषेत बोलू लागले तर पहिल्या प्रसंगात उरेल काय?

आता शोशानाच्या सूडाविषयी, चित्रपटाचा शेवट त्याच्यावरच आहे. खरा इतिहास वेगळा आहे. एप्रिल १९४६ मध्ये नाझी संहारातून वाचलेल्या अब्बा कोव्हनरच्या गटातल्या ज्यूंनी न्यूरेंबर्गजवळच्या छावणीतल्या एसएस कैद्यांच्या पावांना रात्री आर्सेनिक फासलं. कैदी मोठ्या संख्येने आजारी पडले, पण कुणी दगावल्याची नोंद नाही. तो सूड मुका होता. पाव खाणाऱ्याला कुणाचा हात आहे हे कळण्याचं कारणच नव्हतं.

शोशानाला तसा सूड नको आहे. तिच्या थिएटरात नाझी पुढारी जमलेत, पडद्यामागे नायट्रेट फिल्मचा, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मचा, ढीग रचलाय. (नायट्रेट किती भयंकर पेटतं हे पुण्याला वेगळं सांगायला नको. जानेवारी २००३ च्या आगीत आपल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा जुना ठेवा असाच गेला.) दारं बंद करून तो नुसता पेटवला असता तरी काम झालं असतं. पण तिने आधीच आपला चेहरा चित्रित करून ठेवलाय आणि तो चालू चित्रपटात जोडलाय. तो पडद्यावर येतो तेव्हा ती स्वतः प्रोजेक्टरच्या खोलीत गोळी लागून मेलेली असते.

त्या वेळी तिचे शब्द नीट ऐका. ती फ्रेंच बोलत नाही. मधल्या तीन वर्षांत ती इंग्रजी कधी शिकली, कुणाकडून शिकली, हे चित्रपटात कुठेच येत नाही. पण फळ्यांखाली जिचा एक शब्दही तिला कळला नव्हता, त्याच भाषेत ती भरल्या थिएटरला आपलं नाव सांगते. शोशाना ड्रेफस.