पाच सेंटची बाटली: एडवर्ड बॉइड

[दृश्य: जुनी छापील जाहिरात, हळूहळू जवळून]

आईच्या हातात पेप्सीच्या सहा बाटल्यांचा खोका. त्यातली एक मिळवायला हात उंचावलेला तिचा मुलगा. आज कुणी या जाहिरातीकडे वळूनही पाहणार नाही. पण १९४०च्या दशकातल्या अमेरिकेत जाहिरातीतला कृष्णवर्णीय माणूस बहुधा गोऱ्यांच्या घरची स्वयंपाकीण असे, नाहीतर रेल्वेतला हमाल. इथं ती आई गिऱ्हाईक आहे. आणि हा मुलगा रॉन ब्राउन, पुढं बिल क्लिंटन यांच्या मंत्रिमंडळातला व्यापारमंत्री.

[दृश्य: एडवर्ड बॉइड यांचं छायाचित्र]

ही जाहिरात पेप्सीतले कृष्णवर्णीय अधिकारी एडवर्ड बॉइड यांच्या विभागाची. १९४७ साली पेप्सीचे अध्यक्ष वॉल्टर मॅक यांनी त्यांना नॅशनल अर्बन लीग या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेतून आणलं. मॅकना समाजसुधारणा करायची होती, असं समजू नका. पाच सेंटला पेप्सी कोकच्या जवळपास दुप्पट मिळायची आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं गिऱ्हाईक त्यांना हवं होतं.

[दृश्य: सूट-टायमधला चमू]

बॉइडनी बारा कृष्णवर्णीय विक्रेत्यांचा चमू उभा केला. चर्च, कॉलेजं, शिक्षकांची अधिवेशनं, किराणा दुकानं, बाटल्या भरणारे कारखाने, सगळीकडे ही मंडळी पोचली. वर्णभेद पाळणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिणेत आगगाडीच्या डायनिंग कारमध्ये त्यांना पडद्याआड बसून जेवावं लागे. गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून मुक्काम कृष्णवर्णीयांच्या हॉटेलात किंवा कुणाच्या तरी घरी. सकाळी पुन्हा कडक इस्त्रीचा सूट चढवायचा आणि कारखान्याच्या गोऱ्या मालकासमोर पेप्सीचा धंदा मांडायचा. अशा माणसांना नुसतं 'सेल्समन' म्हणणं आम्हाला तरी जड जातं.

[दृश्य: जाहिरातमाला, एकामागून एक चेहरे]

या चमूनं आपापल्या क्षेत्रात अग्रेसर असलेल्या कृष्णवर्णीयांची जाहिरातमालाही काढली. त्यात राल्फ बंच होते, १९५० चे शांततेच्या नोबेलचे मानकरी.

मग न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात बाटल्या भरणाऱ्या कारखानदारांची सभा भरली. पेप्सी 'काळ्यांचं पेय' म्हणून ओळखली जाऊ नये, असं मॅक भर सभेत म्हणाले. शब्द याहून घाणेरडा वापरला. बॉइड उठून बाहेर पडले.

१९५१ मध्ये नव्या व्यवस्थापनानं बॉइडना काढलं. त्यांच्या चमूतले हार्वी रसेल मात्र टिकले आणि १९६२ साली पेप्सीचे उपाध्यक्ष झाले.