छपरावरचं झाड

मंडळी, पावसाळा सरला की एखाद्या रात्री आरेत जा. टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा. गवतात हिरवट ठिणग्या चमकतील. दव वाटेल, पण ते डोळे असतात, वुल्फ स्पायडर नावाच्या कोळ्यांचे. जाळ्यात बसून वाट बघणं यांच्यातल्या बहुतेकांना मानवत नाही, धावून जाऊन शिकार करतात. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो याच कुळातला. फक्त त्याला डोळे नाहीत. अधू नव्हेत हो, नाहीतच.

तो राहतो हवाई बेटांतल्या काउआईवर, कोलोआ भागातल्या मोजक्या गुहांत. जगात दुसरीकडे कुठेच नाही. १९७१ साली तो सापडला, १९७३ साली त्याला अॅडेलोकोसा अॅनॉप्स हे नाव मिळालं. अंगाने जेमतेम दोन सेंटिमीटर. मादी एका खेपेला १५ ते ३० अंडी घालते, आणि त्यांची पुरचुंडी तोंडात धरून अंधारात वावरते.

गुहा म्हटलं की आपल्याला कान्हेरी आठवते. तिथला दगडही लाव्हाचाच, पण ती लेणी छिन्नीने कोरलेली. काउआईच्या गुहा कुणी कोरल्या नाहीत. वाहत्या लाव्हाचा वरचा थर थिजला, आतला रस पुढे निघून गेला, पोकळ नळी उरली. आत ऊन नाही, म्हणजे हिरवं पान नाही. मग खायचं काय? तर वरच्या झाडांची मुळं फटींतून गुहेत लोंबतात. कुजकी मुळं खाऊन एक आंधळा अँफिपॉड जगतो, कोळंबीचा लांबचा नातलग. आणि त्याला खाऊन हा कोळी. चाळीच्या भिंतीतून पिंपळाचं मूळ डोकावलं की आपण अॅसिड ओततो; तिथे त्याच मुळावर चूल पेटते.

आता या छपरावर काय झालं बघा. आधी उसाचे मळे आले, मग हॉटेलं, बंगले, गोल्फची मैदानं. झाडं गेली, मुळं गेली. काही गुहा बुजल्या. या जिवांना आपल्या जुलैसारखी, टॉवेल वाळू न देणारी हवा लागते. गुहा कोरडी पडली की ते संपले. हिरवळीवर फवारलेलं कीटकनाशक पाण्याबरोबर खाली झिरपतं. बाहेरून आलेला व्हायोलिन कोळी घुसतो तो वेगळाच. आणि आत शिरून सिगरेट ओढणारे हौशी! निकोटिन हे मुळात कीटकनाशक, हे त्यांच्या गावीही नसतं.

२००० साली अमेरिकेने त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं. काही गुहांच्या तोंडाशी फाटकं बसली, वर स्थानिक झाडं लावून त्यांना पाणी घातलं जातं. कोळ्यासाठी झाडाला पाणी, हे ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो.

जरा दिवे मालवता का? फोटो दाखवतो. सगळेजण आधी डोळेच शोधतात, मीही शोधले होते.